कवितेवरून कोलाज : एका नात्याची पार्श्वभूमी

कवितेवरून कोलाज करण्याची प्रथा आज वर्गखोल्यांपासून कलादालनांपर्यंत रुळली आहे आणि बहुतेक ठिकाणी तिची रीत ठरलेली असते: कवितेत चंद्र, नदी, पक्षी आले की मासिकांतून चंद्र, नदी, पक्षी कापून चिकटवायचे. या प्रकारातील महत्त्वाच्या कलाकृती मात्र वेगळ्या वाटेने गेल्या. त्यांनी कवितेतील वस्तूंऐवजी तिची घडण उचलली. ओळींमधील तुटकपणा, अनपेक्षित शेजार आणि मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या जागा कागदावर उतरवल्या.

कवितेसाठी कागद जोडण्याची फार जुनी आणि अतिशय देखणी परंपरा जपानमध्ये आढळते. छत्तीस कवींच्या वाका (एकतीस अक्षरांच्या पारंपरिक जपानी) कवितांचा एक हस्तलिखित संग्रह इ.स. १११२ च्या सुमारास हेइआन काळातील राजदरबारासाठी तयार झाला. पुढे तो क्योटो येथील निशी होंगान्-जी या बौद्ध मंदिराकडे आला. त्याची अनेक पाने रंगीत कागदांचे तुकडे सांधून केलेली आहेत. काही तुकडे सरळ कापलेले आहेत, काही हाताने फाडलेले, तर काही ठिकाणी एकाच रंगाच्या फिकट होत जाणाऱ्या छटा एकीवर एक चढवलेल्या आहेत. फाडलेल्या कडांमधून डोंगररांगेचा किंवा पाणवठ्याचा भास होतो, पण एखाद्या कवितेतील प्रसंग रंगवण्याचा आग्रह तिथे नाही. त्या सांध्यांवरून शाईची अक्षरे न अडखळता वाहत जातात, आणि माझ्या मते या पानांचे खरे सौंदर्य तिथेच आहे. या संग्रहाचे दोन खंड १९२९ मध्ये सुटे करून त्यांची पाने विकण्यात आली, ही या इतिहासातील खेदाची नोंद.

आधुनिक कोलाजचा आरंभ सामान्यतः १९१२ मध्ये धरला जातो. त्या वर्षी चित्रकार पिकासोने एका चित्रात वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चिकटवले आणि सप्टेंबरमध्ये त्याचा सहकारी चित्रकार ब्राकने लाकडाचा भास देणारा भिंतीचा कागद कापून रेखाटनात बसवला. या दोघांचा मित्र आणि समर्थक असलेला कवी गियोम आपोलिनेर याच सुमारास कवितेत तसाच प्रयोग करत होता. वर्षाअखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘झोन’ या कवितेत त्याने जाहिरातपत्रके, सूचिपत्रे आणि भित्तिपत्रके यांनाच त्या सकाळची कविता म्हटले. १९१३ च्या ‘आल्कोल’ या संग्रहातून सर्व विरामचिन्हे काढून टाकली. आणि त्याच वर्षी कानावर पडलेल्या संभाषणांचे तुकडे एकापुढे एक ठेवून एक संपूर्ण कविता रचली. चित्रकारांनी कवितेचे अनुकरण केले की कवीने चित्रांचे, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही, कारण दोघांपुढचे साहित्य एकच होते: छापील मजकुराने भरलेले शहर.

यानंतर देवाणघेवाण दोन्ही दिशांनी वाढली. रशियात कवी क्रुचोनिख याने १९१६ मध्ये अमूर्त कोलाज आणि रूढ अर्थापलीकडील भाषेतील कविता एका पुस्तिकेत एकत्र आणल्या. जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटे आणि वेष्टने चिकटवत होता आणि वाक्यांचे तुकडे जोडून कविताही लिहीत होता. १९२० मध्ये दादावादी कवी त्रिस्तां त्झारा याने वृत्तपत्रातील शब्द कापून, पिशवीत हलवून, हाती येतील त्या क्रमाने कविता करण्याची कृती सांगितली. फ्रेंच कवी पॉल एल्युआर याने तर १९२२ च्या एका कवितासंग्रहासाठी चित्रकार माक्स एर्न्स्ट याची आधीच तयार असलेली कोलाज निवडली.

एका विशिष्ट कवितेसाठी जाणीवपूर्वक केलेल्या कोलाजचे ठळक उदाहरण १९२३ मधील आहे. रशियन कवी मायकोव्हस्कीने आपली प्रेयसी लिल्या ब्रिकपासून सुमारे दोन महिने दूर राहून ‘प्रो एतो’ ही दीर्घ कविता लिहिली आणि कलावंत रोदचेन्कोने त्या कवितेसाठी छायाचित्रांचे कोलाज केले. कवीची छायाचित्रे आणि नियतकालिकांतील कात्रणे यांची प्रमाणे त्याने बेधडक बदलली. एका चित्रात कवी क्रेमलिनमधील उंच घंटाघराच्या माथ्यावर हात पसरून तोल सावरताना दिसतो. प्रत्येक चित्राखाली कवितेच्या ओळी असल्या, तरी एका चौकटीत अनेक क्षण आणि अनेक ठिकाणे एकदम येतात, आणि कवितेतील मनाची उलथापालथ त्या गर्दीतून पोचते.

चेक कवी यिर्झी कोलार्झ याच्या बाबतीत हे नाते टोकाला गेले. एका हस्तलिखितामुळे १९५० च्या दशकात त्याला तुरुंगवास घडला, आणि त्या दशकाच्या अखेरीस तो शब्दांतील कवितेकडून कोलाजकडे वळला. दोन चित्रांच्या समान पट्ट्या कापून त्या आलटून पालटून लावणे, ओला कागद चुरगाळून पुन्हा पसरणे, छापील मजकुराचे बारीक तुकडे चिकटवून न वाचता येणारा पृष्ठभाग तयार करणे अशा पद्धती त्याने घडवल्या आणि त्यांचा कोशही रचला. हे कवितेचेच काम आहे अशी त्याची धारणा होती, आणि ती कलाकृती पाहताना पटते. प्रेव्हेर, एलितिस आणि शिंबोर्स्का या कवींनीही कोलाज केली. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या हेर्टा म्युलर हिच्या अनेक कविता कापलेल्या छापील शब्दांच्याच आहेत.

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने स्वतः १८७० च्या सुमारास कागदावर टपालाचे तिकीट आणि दोन छापील कात्रणे चिकटवून त्यांच्याभोवती कविता लिहिली होती. तिच्या कवितेवरून कलावंत जोसेफ कॉर्नेलने १९५३ च्या सुमारास केलेली, वस्तू मांडून रचलेली पेटी जवळजवळ रिकामी आहे: पांढऱ्या भिंती, तारेची जाळी, पक्ष्याला बसायची दांडी आणि निळ्या आकाशाकडे उघडणारी खिडकी. पक्षी त्यात नाही. अमेरिकन कृष्णवर्णीय चित्रकार रोमेअर बिअर्डन याने १९७७ मध्ये होमरच्या ‘ओडिसी’वर केलेली वीस कोलाज याच्या उलट, रंगांनी भरलेली आहेत. प्रसंग होमरचेच राहिले; मात्र सपाट, तेजस्वी रंगांच्या कागदातून कापलेल्या त्यांतील माणसांना बिअर्डनने कृष्णवर्णीय केले, आणि घराकडे परतण्याच्या त्या प्राचीन कथेत समुद्रापार नेल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांचा इतिहासही वाचता येऊ लागला.