तोंडावाटे केमोथेरपी : रक्ताच्या कर्करोगातील सुरक्षित वापर

रक्ताच्या कर्करोगावरील पेशीनाशक औषध गोळी, कॅप्सूल किंवा द्रवाच्या रूपात रुग्णाने घरी घेण्याच्या उपचारास तोंडावाटे केमोथेरपी म्हणतात. काटेकोर अर्थाने यात मर्कॅप्टोप्युरीन, मेथोट्रेक्झेट, हायड्रॉक्सियुरिया, मेल्फलान, क्लोरॅम्ब्युसिल यांसारखी औषधे येतात. व्यवहारात मात्र इमॅटिनिब, व्हेनेटोक्लॅक्स, लेनालिडोमाइड ही नंतरची औषधेही याच सावधगिरीने वापरली जातात. गोळी असली म्हणजे औषध सौम्य असणार, हा या उपचारातील सर्वांत घातक गैरसमज होय. रुग्णालयात मात्रा पडताळून पाहण्याचे, वेळ पाळण्याचे आणि दुष्परिणामांवर नजर ठेवण्याचे जे काम परिचारिका व औषधनिर्माते करतात, ते सगळे घरी रुग्णावर आणि त्याच्या कुटुंबीयांवर येऊन पडते.

हा उपचार नवा नाही. गर्ट्रूड एलिअन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या मर्कॅप्टोप्युरीनला अमेरिकेत १९५३ मध्ये मान्यता मिळाली, आणि मुलांमधील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या दीर्घकालीन देखभाल-उपचारात, म्हणजे आटोक्यात आलेला आजार परतू नये म्हणून चालणाऱ्या उपचारात, ते आजही रोज दिले जाते. या दोघांना १९८८ चे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक जेम्स ब्लॅक यांच्यासह विभागून मिळाले. २००१ मध्ये मान्यता मिळालेल्या इमॅटिनिबने क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा बहुतेक रुग्णांत गोळीवर वर्षानुवर्षे आटोक्यात राहणारा आजार बनवला.

सर्वाधिक हानी होते ती वेळापत्रकातील चुकीने. ल्युकेमियाच्या देखभाल-उपचारात मेथोट्रेक्झेट सामान्यतः आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. तेच चुकून रोज घेतले गेल्यास तोंडात व आतड्यात व्रण होतात, अस्थिमज्जेचे (हाडांतील रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाचे) काम मंदावते आणि रुग्ण दगावूही शकतो. त्यामुळे चिठ्ठीवर आणि पाकिटावर ठरलेला वार स्पष्ट लिहिलेला असावा. ‘सांगितल्याप्रमाणे’ एवढाच मजकूर अशा औषधाला पुरेसा नाही. लेनालिडोमाइड बहुधा २१ दिवस घेऊन ७ दिवस थांबवायचे असते. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात व्हेनेटोक्लॅक्सची मात्रा रोज २० मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत ४०० मिलिग्रॅमपर्यंत चढवली जाते, कारण कर्कपेशी एकदम मोठ्या संख्येने फुटल्यास पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्ल रक्तात उतरून मूत्रपिंड व हृदय धोक्यात येते. या काळात भरपूर पाणी पिणे आणि ठरलेल्या दिवशी रक्त तपासून घेणे हा उपचाराचाच भाग असतो.

जेवणाशी असलेला संबंध औषधागणिक बदलतो. इमॅटिनिब जेवणासोबत आणि पेलाभर पाण्याबरोबर घेतात. याउलट निलोटिनिबच्या कॅप्सूल रिकाम्या पोटी घ्याव्या लागतात आणि त्यांच्या आधी दोन तास व नंतर एक तास काही खाता येत नाही, कारण अन्नामुळे औषधाची रक्तातील पातळी वाढून हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. ग्रेपफ्रूट हे लिंबूवर्गीय फळ काही औषधांचे शरीरातील, मुख्यतः आतड्यातील, विघटन रोखते, म्हणून इब्रुटिनिब, व्हेनेटोक्लॅक्स यांसारख्या औषधांबरोबर ते वर्ज्य आहे. मर्कॅप्टोप्युरीन आणि दूध एकत्र घेऊ नये असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. पुढे रोज एकाच वेळी नियमाने घेण्याला अधिक महत्त्व आले, आणि मुलांच्या बाबतीत तेच अधिक व्यवहार्यही आहे.

इतर औषधांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. युरिक आम्ल कमी करणारे अ‍ॅलोप्युरिनॉल मर्कॅप्टोप्युरीनचे विघटन अडवते; दोन्ही एकत्र द्यावी लागली तर मर्कॅप्टोप्युरीनची मात्रा नेहमीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांशापर्यंत खाली आणतात. मर्कॅप्टोप्युरीनच्या विघटनाशी संबंधित टीपीएमटी किंवा एनयूडीटी१५ या जनुकांत बदल असलेल्या व्यक्तींनाही त्याची कमी मात्रा लागते. आम्लपित्ताच्या काही औषधांमुळे डॅसाटिनिब नीट शोषले जात नाही. वनौषधी, जीवनसत्त्वे आणि विनाचिठ्ठी मिळणाऱ्या वेदनाशामकांचीही नोंद डॉक्टरांकडे असली पाहिजे. अनेक रुग्णांना ती ‘औषधे’ वाटतच नाहीत, म्हणून विचारणाऱ्याने त्यांची नावे घेऊन विचारावे.

एखादी मात्रा राहिली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये, आणि उलटी झाल्यास उपचार करणाऱ्यांना विचारल्याशिवाय पुन्हा गोळी देऊ नये. मात्रा टाळत राहणेही तितकेच धोक्याचे आहे. मर्कॅप्टोप्युरीनच्या ठरलेल्या मात्रांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. मात्रा चुकल्याचे सांगणाऱ्या रुग्णाला कोणी रागावू नये, कारण ती माहिती दडली तर डॉक्टर औषध निष्प्रभ ठरले असे समजून चुकीचा निर्णय घेऊ शकतात.

ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असणे ही तातडीची अवस्था आहे. पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो, आणि पॅरासिटामॉल परस्पर घेतल्यास तापाची खूणच झाकली जाते. म्हणून आधी रुग्णालयाशी संपर्क साधावा. अंगावर निळे डाग, न थांबणारा रक्तस्राव, धाप, पाय एकाएकी सुजणे, खाणेपिणे अशक्य करणारे तोंडातील व्रण यांतही वाट पाहू नये. जिवंत जंतू असलेल्या लसी या काळात सामान्यतः देत नाहीत.

औषध हाताळणाऱ्यांचेही रक्षण करावे लागते. गोळी कुटू, तोडू किंवा चावू नये, कॅप्सूल उघडू नये; गिळता येत नसेल तर द्रवरूपाविषयी विचारावे. मदतनीसाने हातमोजे घालावेत आणि नंतर हात धुवावेत. गर्भवती स्त्रीने ही औषधे हाताळू नयेत. लेनालिडोमाइड हे थॅलिडोमाइडच्या कुळातील असल्याने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो, म्हणून स्त्री व पुरुष दोघांनाही गर्भनिरोधनाचे कडक नियम पाळावे लागतात. पेशीनाशक औषध घेतल्यानंतर सुमारे ४८ तास रुग्णाची उलटी, लघवी किंवा मळलेले कपडे हाताळताना हातमोजे वापरतात आणि ते कपडे वेगळे धुतात.

औषध मूळ वेष्टनात, मुलांच्या हाती लागणार नाही असे आणि ओलसर जागेपासून दूर ठेवावे. मेल्फलान व क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, अन्नापासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. उपचार बदलल्यावर उरलेल्या गोळ्या कचऱ्यात किंवा सांडपाण्यात न टाकता रुग्णालयाकडे वा औषधनिर्मात्याकडे परत द्याव्यात.