टीव्ही-रेडिओवरच्या कार्यक्रमाची तक्रार: मुदत आणि पत्ता चुकला की अर्ज तिथंच संपतो

ठाण्यात आमच्या वाचनालयात संध्याकाळी मी लोकांना अर्ज लिहून देते, आणि गेल्या काही महिन्यांत टीव्हीवर दाखवलेल्या गोष्टींच्या तक्रारी घेऊन बरेच जण येतायत. त्यातल्या बहुतेकांची तक्रार खरी असते आणि तरीही ती फेटाळली जाते, कारण ती उशिरा गेलेली असते नाहीतर भलत्याच ऑफिसात गेलेली असते. हे बघून जीव तुटतो म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी पत्ता. ट्राय, म्हणजे टेलिकॉम आणि केबलवर लक्ष ठेवणारं सरकारी नियामक, कार्यक्रमात काय दाखवलं ते बघत नाही, त्यांचं काम चॅनलचे दर, पॅक आणि सर्व्हिस. प्रेस कौन्सिल फक्त वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांसाठी आहे, टीव्ही तिच्या कक्षेत येतच नाही. सेन्सॉर बोर्ड सिनेमासाठी. पोलिस स्टेशनला जाऊन "हा कार्यक्रम बंद करा" म्हटलं तर तासभर बाकावर बसवतील आणि परत पाठवतील.

तक्रार पहिल्यांदा जाते ती थेट चॅनलकडेच. २०२१ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला आणि तीन पायऱ्या ठरल्या: चॅनल, मग चॅनलवाल्यांची स्वनियमन संस्था, मग केंद्र सरकारचं माहिती व प्रसारण मंत्रालय. पहिली पायरी गाळून सरळ दिल्लीला पत्र धाडलं तर ते फिरून चॅनलकडेच येतं आणि मधले दिवस हातातून जातात. चॅनलच्या वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असायला हवा, सापडत नसेल तर अगदी खाली बारीक अक्षरात बघा, मुद्दाम लपवल्यासारखा असतो आणि मला याचा फार राग येतो. तक्रार मिळाल्यावर २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय असा नियम आहे. उत्तर आलंच नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे अपील, त्यांना ६० दिवस, आणि तिथंही समाधान नाही झालं तर परत १५ दिवसांत मंत्रालयाकडे.

आता लोक जिथं हमखास अडकतात ते. न्यूज चॅनल असेल आणि ते एनबीडीएसएकडे, म्हणजे न्यूज चॅनलवाल्यांच्या एका स्वनियमन संस्थेकडे, नोंदलेलं असेल तर त्यांच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे चॅनलकडे पहिली तक्रार ७ दिवसांच्या आत गेलेली हवी, आणि हे ७ दिवस मोजायचे पहिल्यांदा दाखवल्याच्या दिवसापासून. तुम्हाला कोणी व्हॉट्सॲपवर क्लिप पाठवली त्या दिवसापासून नाही! ऐरोलीच्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या, सोसायटीत पाण्यावरून झालेलं भांडण एका चॅनलनं दाखवलं आणि त्यात त्यांच्या लेकीचा चेहरा स्पष्ट दिसत होता, लहान मुलगी, चेहरा झाकायला नको का? पण त्यांना क्लिप कळली तीन आठवड्यांनी, पुनर्प्रक्षेपण बघून वाटलं मुदत आता सुरू झाली, आणि तिथंच सगळं गेलं. मालिका आणि मनोरंजनाच्या चॅनलच्या तक्रारी बीसीसीसीकडे, म्हणजे त्यांच्या स्वनियमन संस्थेकडे, जातात, तिथले नियम वेगळे आहेत, पण तुम्ही हिशोब सात दिवसांचाच ठेवा म्हणजे कुठंच अडकणार नाही. प्रत्येक न्यूज चॅनल एनबीडीएसएचं सदस्य नसतं हेही लक्षात असू द्या, काही दुसऱ्या संस्थेत आहेत, म्हणून आधी चॅनलच्या वेबसाइटवर कोणत्या संस्थेचं नाव आहे ते बघून घ्या.

दुसरा अडथळा पुराव्याचा. चॅनलला आपलं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवावं लागतं पण ते तुमच्या हातात कोण देणार? म्हणून दिसल्या दिसल्या मोबाइलवर शूट करा, चॅनलचा लोगो आणि वेळ दिसेल असं. अर्जात चॅनलचं नाव, कार्यक्रमाचं नाव, तारीख आणि वेळ हवीच, "संध्याकाळी कधीतरी" चालत नाही. मराठी कार्यक्रम असेल तर आक्षेपार्ह वाक्यांचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडा, निर्णय देणाऱ्यांना मराठी येईलच असं नाही.

आणि निर्णय कसा होतो? तुम्हाला वाईट वाटलं एवढ्यावर नाही. रेकॉर्डिंग बघतात, चॅनलचं म्हणणं मागवतात, गरज पडली तर दोघांना ऐकतात, आणि मग एकच प्रश्न, कोणता नियम मोडला. केबल नियमांतल्या नियम ६ मध्ये कार्यक्रमांची संहिता आहे: अश्लील, बदनामीकारक, अर्धसत्य, हिंसेला चिथावणारं, अंधश्रद्धा वाढवणारं, स्त्रियांना किंवा मुलांना कमी लेखणारं काही दाखवता येत नाही. तक्रारीत यातला नेमका मुद्दा लिहा. दोन पानं संताप आणि मुद्दा एकही नाही, असे अर्ज मी स्वतः परत लिहून दिलेत. कोर्टात तोच वाद चालू असेल तर एनबीडीएसए हात लावत नाही, असा वाद कोर्टात चालू नाही हे तक्रारदारानं लिहून द्यावं लागतं. नुकसानभरपाई मिळेल अशी आशा धरू नका, इशारा, ताकीद, माफी दाखवायला लावणं, व्हिडिओ काढायला लावणं आणि दंड एवढंच. एनबीडीएसएचा हा दंड १ लाखापर्यंत होता आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंच तो अपुरा असल्याचं म्हटलं.

जाहिरात असेल तर ॲस्की, म्हणजे जाहिरातवाल्यांची स्वनियमन संस्था, तिचं ऑफिस मुंबईतच आहे आणि तक्रार ऑनलाइन होते. खासगी एफएमला आकाशवाणीची संहिता लागू आहे, पण टीव्हीसारखी तिथं मधली संस्था नाही, म्हणून स्टेशनला लिहून मग केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या नावानं टाका.

राहिलं गल्लीतलं लोकल केबल चॅनल, त्याला यातली कुठलीच संस्था लागत नाही, त्यासाठी जिल्हा पातळीवरची समिती असते, जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्तांच्या हाताखाली. इथं नवी मुंबईकर नेहमी चुकतात. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा, पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये, म्हणजे जिल्हाधिकारी अलिबागला. पोलिस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे नवी मुंबईचंच, त्यामुळे खारघरकरांनी अलिबागला खेपा घालण्याआधी आयुक्तालयात अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेऊनच तिथून निघावं.