मुलाचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र: ऑटिझम, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता यांचे अर्ज कुठे अडतात

डॉक्टरांनी निदान लिहून दिलं की प्रमाणपत्र मिळणारच, अशा समजुतीने पालक सिव्हिल हॉस्पिटलात जातात आणि रिकाम्या हाताने परततात. कायदा निदान बघत नाही, स्वतःची यादी बघतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मुलांच्या मनाशी आणि बुद्धीशी संबंधित त्यातले चार: ऑटिझम (स्वमग्नता), बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) आणि मानसिक आजार. एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) या यादीत नाही. मूल कितीही चंचल असलं, वर्गात दहा मिनिटं बसत नसलं, तरी नुसत्या एडीएचडीवर प्रमाणपत्र निघत नाही. मात्र त्याच्या जोडीला अध्ययन अक्षमता पुष्कळदा असते. तशी शंका असेल तर तिची तपासणी करून घ्यावी आणि अर्ज तिच्या नावाने भरावा. यादीत एडीएचडी सापडत नाही म्हणून ‘मानसिक आजार’ निवडू नका. तपासणीच वेगळ्या विभागात लागते आणि महिने वाया जातात.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्रासाठी. मुलाचा आधार, अलीकडचा फोटो, पत्त्याचा पुरावा, असतील ते वैद्यकीय कागद. जन्मदाखल्यावर ‘ओम’ आणि आधारवर ‘ओमकार’ असेल तर आधी ते दुरुस्त करा. हॉस्पिटल निवडताना रहिवासी पुराव्यावरचा जिल्हा घ्यावा, किंवा जिथे उपचार चालू आहेत ते सरकारी हॉस्पिटल. भाड्याने दुसऱ्या जिल्ह्यात राहणाऱ्यांचा घोळ इथेच होतो.

खाजगी मानसशास्त्रज्ञाचा रिपोर्ट म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. तो फाइलला लावा, उपयोग होतो, पण मूल्यमापन करतं ते हॉस्पिटलचं वैद्यकीय मंडळच. सिव्हिलच्या तारखेआधी ‘तयारी म्हणून’ बाहेर बुद्ध्यांक चाचणी करून घेणं तर टाळाच. तीच चाचणी थोड्या महिन्यांत परत दिली की मूल सरावलेलं असतं, आकडा फुगतो.

अध्ययन अक्षमतेत वय आडवं येतं. आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, त्यामुळे पहिलीतल्या मुलासाठी खेटे घालण्यात अर्थ नाही. पुढे १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी. १८ नंतरचं कायम राहतं. चौदाव्याची तपासणी नेमकी आठवी-नववीच्या सुमारास येते. ती राहिली तर दहावीला लेखनिक किंवा जादा वेळ मागताना शाळेच्या हातात मुदत संपलेला कागद असतो. सोबत मुलाच्या वह्या, उत्तरपत्रिका आणि वर्गशिक्षकांचं पत्र न्या. नजर आणि ऐकणं आधी तपासून घ्या, कारण तिथे दोष निघाला तर पुढची चाचणी थांबते.

एका गटाचे हाल मात्र कुणीच बघत नाही. बुद्ध्यांक ७० ते ८४ मधली, ‘बॉर्डरलाइन’ मुलं. अध्ययन अक्षमतेसाठी तो सरासरीच्या आसपास लागतो आणि बौद्धिक अक्षमतेच्या तक्त्यात, जो सामाजिक परिपक्वतेच्या गुणांवर चालतो, ७० ते ८४ ला २५ टक्केच दिव्यांगत्व धरतात. बहुतेक सवलतींची अट ४० टक्क्यांची. म्हणजे मूल खरोखर मागे पडतं आणि कागद दोन्हीकडून नाही म्हणतो. अशा वेळी प्रमाणपत्राच्या मागे वर्ष घालवण्यापेक्षा विशेष शिक्षकाची मदत लगेच सुरू करावी.

बौद्धिक अक्षमतेत पाच वर्षांखालच्या मुलाला ‘विकासातील विलंब’ असं निदान मिळतं, तेही तात्पुरतं. नंतर टक्केवारी ठरते ती वाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनावर, आणि ते मापन मुख्यतः पालकांना विचारून होतं. इथे आईवडील लाजेखातर स्वतःचंच नुकसान करतात. ‘आंघोळ स्वतः करतो का?’ ‘हो.’ प्रत्यक्षात पाणी आई ओतते, साबण आई लावते, तो उभा राहतो. या ‘हो’ने गुण वाढतात आणि टक्के उतरतात. मदत किती लागते ते जसंच्या तसं सांगा. वाढवूनही सांगू नका, अनुभवी माणसाला ते दोन प्रश्नांत कळतं.

ऑटिझमसाठी आयएसएए ही ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. गुण ७० च्या आत राहिले तर ऑटिझम धरत नाहीत. नव्या खोलीत मूल पंधरा मिनिटं गप्प बसलं म्हणून ‘काही दिसत नाही’ असा शेरा पडू शकतो. घरातल्या वागण्याचे दोन-तीन छोटे व्हिडिओ आणि थेरपिस्टच्या नोंदी दाखवा. चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करून मुलाला नेऊ नका.

कार्ड पांढरं आलं तर टक्केवारी ४० च्या खाली, पिवळं म्हणजे ४० ते ८० च्या दरम्यान, निळं म्हणजे ८० किंवा जास्त. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. खिडकीवर ‘नाही होणार’ ऐकून परतू नका. नकार कारणासह लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे आणि अपिलाला तोच कागद लागतो.

‘तात्पुरतं’ प्रमाणपत्र असेल तर संपण्याची तारीख लगेच लिहून ठेवा, कारण आठवण करून द्यायला कुणी येत नाही. ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असेल तर आणखी एक: मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक (त्याच्या वतीने निर्णय घेणारे) राहत नाहीत. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे वेगळा अर्ज करावा लागतो.