पॉइंटवर सीट अपग्रेड (विमानप्रवास)

तिकीट काढायचं साध्या क्लासचं, आणि वरच्या क्लासचा फरक पैशांऐवजी आधीच्या प्रवासामुळे एअरलाइनकडे जमलेल्या पॉइंटमधून भागवायचा, याला पॉइंटवर अपग्रेड म्हणतात. इकॉनॉमीतून प्रीमियम इकॉनॉमी किंवा बिझनेस, असं साधारण एक पायरी वर जाता येतं. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ साली आपली पॉइंटची योजना काढली आणि पुढे जवळपास सगळ्याच मोठ्या कंपन्यांनी तोच रस्ता धरला. आपल्याकडे एअर इंडियाची फ्लाइंग रिटर्न्स होती, तिचंच नाव पुढे महाराजा क्लब झालं. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या मेंबरांचे पॉइंटही इकडेच आले.

विदर्भातल्या खेड्यापाड्यात हा विषय पोरांमुळे आला. वणी, आर्वी, दर्यापूरकडची पोरं पुण्यात नोकरी करून पुढे अमेरिकेला, जर्मनीला गेली, आणि घरी बाळंतपण निघालं की आईबाबांना बोलावणं येतं. आयुष्यभर वावरात निंदण करून, कापूस वेचून जिचे गुडघे गेले त्या आईला मुंबई-न्यूयॉर्कसारख्या पंधरा तासांच्या विमानात पाय दुमडून बसवायचं म्हणजे पोराच्याही जिवावर येतं. लांबच्या विमानात बिझनेसची सीट बहुतेक सपाट होते, माणूस आडवं पडून झोपू शकतो, पण भाडं कितीतरी पट. पोराच्या खात्यात ऑफिसच्या प्रवासाचे पॉइंट पडून असतात आणि मुदत संपली की वाया जातात, ते आईबापाच्या या प्रवासाला लावण्याइतका चांगला उपयोग दुसरा नाही. बऱ्याच योजनांत आपल्या पॉइंटवर घरच्या माणसाचं तिकीट अपग्रेड करता येतं, काही ठिकाणी आधी त्याचं नाव खात्यात जोडावं लागतं.

खरी अडचण तिकिटाच्या प्रकारात आहे. इकॉनॉमीच्या एकाच रांगेत शेजारी बसलेल्या दोघांची तिकिटं वेगवेगळ्या प्रकारची असू शकतात, आणि सगळ्यात स्वस्त प्रकारावर अपग्रेड बहुतेक ठिकाणी चालतच नाही. लोक ऑफर पाहून स्वस्तातलं तिकीट काढतात आणि मग पॉइंट लावायला जातात, तेव्हा समजतं की थोडे जास्त भरून वरचा प्रकार घ्यायला पाहिजे होता. म्हणून हे तिकीट काढायच्या आधीच विचारून घ्यायचं. दुसरं म्हणजे विमानाच्या सीटच्या नकाशावर बिझनेसच्या सीट रिकाम्या दिसल्या म्हणून त्या पॉइंटवर मिळतीलच असं नाही, कंपनी त्यातल्या मोजक्याच सोडते, कधी वेटिंगवर ठेवते, दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर फारच अवघड. काही कंपन्या पॉइंटच्या वर टॅक्सचा फरकही घेतात.

अपग्रेड बहुतेक प्रत्येक टप्प्याचं वेगळं धरतात. नागपूरहून दोहामार्गे अमेरिकेला जाणाऱ्यानं पॉइंट कमी असतील तर दोहाच्या पुढचा लांबचा टप्पाच करावा, पहिल्या चार-पाच तासांवर ते घालवू नयेत. कतार एअरवेजचे पॉइंट २०२२ पासून एविओस नावाच्या पॉइंटमध्ये आहेत, ब्रिटिश एअरवेजही तेच वापरते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं ते अलायन्स एअरचं एटीआर, म्हणजे छोटं पंख्याचं विमान, त्यात एकच क्लास, म्हणजे अपग्रेडचा प्रश्नच नाही. शिवाय तिकिटावर फ्लाइटचा नंबर एका कंपनीचा आणि विमान दुसरीचं असेल तर पॉइंट अडकतात, हेही पाहून घ्यायचं.

आपल्या भागात आणखी एक घोळ नावाचा होतो. सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर आडनाव आधी आणि नवऱ्याचं नाव शेवटी. पॉइंटच्या खात्यातलं नाव पासपोर्टसारखंच पाहिजे, नाहीतर प्रवास होऊनही पॉइंट जमा होत नाहीत. तसं झालं तर मागून क्लेम करता येतो, पण त्याला मुदत असते आणि बोर्डिंग पास लागतो, म्हणून पॉइंट खात्यात दिसेपर्यंत तो कागद फेकायचा नाही.

व्हीलचेअरचा आणि पॉइंटचा काही संबंध नाही. चालायला त्रास असलेल्या माणसाला ती इकॉनॉमीच्या तिकिटावरही मिळते, फक्त बुकिंग करतानाच सांगून ठेवावी, कारण मोठ्या विमानतळावर विमान बदलताना चालणं फार असतं.