हँडब्रेक आवळणे (जुन्या मोटारींचा)

झिजेमुळे ढिला पडलेला हँडब्रेक पुन्हा नीट धरेल असा लावून घेणे. अ‍ॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, मारुती ८०० अशा मागच्या चाकांत ड्रम (चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा) असलेल्या गाड्यांत दांडा ओढला की केबल ताणली जाते आणि मागच्या दोन्ही ड्रमांतले शू (कमानीसारखे ब्रेकचे तुकडे) पसरून त्यांवरचे लायनर (घासून झिजणारे अस्तर) ड्रमला आतून घट्ट बसतात. पायाच्या ब्रेकसारखे इथे तेल नसते, सगळा भार केबलवर. लायनर झिजले की दांडा पूर्वीपेक्षा वर येऊ लागतो, आणि दांड्याच्या खाचांच्या पट्टीवर पाच-सहा दातांत धरणारी गाडी दहा दात ओढूनही उतारावर सरकते.

अशा वेळी थेट केबलचा नट आवळण्याची सवय सर्रास दिसते. ती चुकीची आहे. आधी शू आणि ड्रममधली फट कमी करायची, केबल सगळ्यात शेवटी. पुढच्या चाकांना दगड लावून, हँडब्रेक सोडून, मागची बाजू स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नये. हाताने फिरवायची सोय असेल तिथे अ‍ॅडजस्टर (ही फट कमी-जास्त करणारा भाग) गाडीचे चाक अडेपर्यंत फिरवून ते मोकळे होईपर्यंत मागे घेतात. आपोआप जुळणारी रचना असेल तर ड्रम काढून ती गंजून अडकली आहे का ते पाहावे लागते. ड्रममधली धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतुमय खनिज) असे. एवढे झाल्यावर केबल आवळायची. दांडा सोडल्यावर दोन्ही चाके हाताने मोकळी फिरली पाहिजेत.

कोकणात मात्र झिजेइतकाच गंज छळतो. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात केबलचे आवरण चिरले की पाणी आत मुरते, तार आतल्या आत धरते आणि दांडा सोडला तरी मागे येत नाही. मग आंबोली किंवा कुंभार्ली घाटात चाक घासत राहते. थांबल्यावर दोन्ही मागच्या रिमांजवळ हात नेऊन पाहावा (टेकवू नये); एकच बाजू जास्त तापली असेल तर त्या बाजूची केबल किंवा शू अडकल्याचा संशय घ्यावा. गंजलेली केबल बदलावीच, तेल सोडून ती फार दिवस चालत नाही.

गणपतीनंतर शिमग्यापर्यंत गावच्या मांगरात (शेडमध्ये) उभी राहणारी गाडी हँडब्रेक ओढून ठेवू नये, दमट हवेत लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे तुकडे लावावेत.