धनाग्र ऋण कसं? विद्युत घट आणि विद्युत अपघटनी घट

भाची बारावीला आहे. परवा ती विद्युतरसायनाची वही घेऊन आली. डॅनियल घटाच्या आकृतीत जस्ताच्या पट्टीखाली 'अ‍ॅनोड' लिहिलेलं, शेजारी ऋण चिन्ह. ते खोडून धन केलेलं, मग तेही खोडलेलं. खोडून खोडून कागद तिथे फाटायला आला होता. "मामा, शाळेत अ‍ॅनोड म्हणजे धनाग्र शिकवलं. मग धनाग्र ऋण कसं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना तो जास्त छळतो, कारण 'धनाग्र' या शब्दातच धन चिकटलेलं आहे. शाळेत हा शब्द भेटतो तो विद्युत अपघटनात, आणि तिथे तो चोख बसतो. पुढे विद्युत घट आला की तोच शब्द मुलांना फसवतो.

म्हणून आधी घट दोन प्रकारचे आहेत हे नीट पाहू. विद्युत घटात रासायनिक अभिक्रिया आपणहून घडते आणि वीज देते. विद्युत अपघटनी घटात आपणहून न घडणारी अभिक्रिया बाहेरून वीज देऊन घडवून आणावी लागते.

आम्ही दोघांनी मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) निळं द्रावण केलं. (मोरचूद विषारी असतं. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, नंतर हात स्वच्छ धुवा.) त्यात लोखंडी खिळा घासून सोडला. काही मिनिटांत खिळ्यावर तांबूस थर चढला. ना तार, ना सेल. लोखंडाने आपले इलेक्ट्रॉन थेट द्रावणातल्या तांब्याच्या आयनांना (प्रभार असलेल्या कणांना) देऊन टाकले. डॅनियलने १८३६ साली जो घट केला त्यात देवाणघेवाण हीच आहे, फक्त लोखंडाच्या जागी जस्त आहे आणि देणारा व घेणारा वेगवेगळे बसवले आहेत. जस्त जस्ताच्या सल्फेटमध्ये, तांबं मोरचुदात, मध्ये क्षारसेतू, म्हणजे दोन द्रावणं जोडणारी, आयनांना वाट देणारी क्षाराची नळी. आता इलेक्ट्रॉनांना जायला तारेशिवाय वाट नाही. तारेतून जाता जाता ते आपलं काम करून जातात. जस्ताचं प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या ओढीचं माप) −०.७६ व्होल्ट, तांब्याचं +०.३४, दोन्हींतला फरक म्हणून घट देतो १.१० व्होल्ट.

मग दुसरं भांडं. त्याच मोरचुदात एका बाजूला तांब्याची तार, दुसऱ्या बाजूला पेन्सिलचं शिसं. आपोआप काहीच होत नाही. शिसं म्हणजे ग्राफाइट, ते इलेक्ट्रॉन द्यायला तयार नाही. १.५ व्होल्टचा सेल घेतला, त्याचं धन टोक तांब्याच्या तारेला जोडलं, ऋण टोक शिशाला. थोड्या वेळाने काळं शिसं लालसर दिसू लागलं. तिकडे तांब्याची तार विरघळत असते. अशा भांड्यातून ०.१ अँपिअर धारा तासभर वाहिली तर ३६० कूलोम प्रभार जातो. त्याला ९६,५०० ने (एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार) भागा, तांब्याला दोन इलेक्ट्रॉन लागतात म्हणून निम्मे करा, ६३.५ ने (तांब्याचं अणुवस्तुमान) गुणा: सुमारे ०.१२ ग्रॅम तांबं शिशावर जमेल.

आता सेलच्या ऋण टोकापासून शिशापर्यंत जाणारी ती एकच तार बघा. तिच्या दोन्ही टोकांना ऋण चिन्ह आहे. पण सेलच्या आत त्या टोकाला जस्त आहे. तिथे ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावले जातात, म्हणून ते अ‍ॅनोड. तारेच्या दुसऱ्या टोकाला शिशावर क्षपण होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतले जातात, म्हणून ते कॅथोड. भाची ही तार बराच वेळ बघत होती. माझ्या मते सगळा धडा या एका तारेत आहे.

चिन्ह का बदलतं? विद्युत घटात जस्त स्वतःच इलेक्ट्रॉन सोडतं, ते पट्टीवर साठतात, म्हणून तिथला अ‍ॅनोड ऋण. अपघटनी घटात सेल आपल्या धन टोकाने तांब्याच्या तारेतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून तिथला अ‍ॅनोड धन. काम दोन्हीकडे तेच, इलेक्ट्रॉन गमावण्याचं. ढकलणारा फक्त बदलला. आयनांची दिशाही बदलत नाही: धन आयन नेहमी कॅथोडकडे, ऋण आयन अ‍ॅनोडकडे.

लक्षात ठेवायला आपली लिपीच कामाला येते. अ‍ॅनोडवर ऑक्सिडीकरण, दोन्हींच्या सुरुवातीला स्वर. कॅथोडवर क्षपण, दोन्हीकडे क. चिन्ह कधीच पाठ करू नका, ते शेवटी ठरवा. बारावीपुरतं तर मी म्हणेन, धनाग्र-ऋणाग्र बाजूला ठेवा आणि अ‍ॅनोड-कॅथोडच वापरा. फॅरेडेने १८३४ साली हे शब्द वापरात आणले तेव्हा त्यात धन-ऋण मुद्दामच ठेवलं नव्हतं. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ एवढाच: वर जाणारी वाट आणि खाली जाणारी वाट.

डॅनियल घटालाच बाहेरून १.१० व्होल्टपेक्षा जास्त दाब उलटा लावला, तर तांबं विरघळू लागतं आणि जस्तावर जस्त चढतं. तांब्याची पट्टी धन होती, धनच राहते, पण कॅथोडची अ‍ॅनोड होते.

घरातल्या इन्व्हर्टरच्या लेड-आम्ल बॅटरीत हे रोज घडतं. वीज गेली की ती विद्युत घट, वीज आली की अपघटनी घट. लाल खुणेचं धन टोक हलत नाही, पण वीज गेलेली असताना तिथली पट्टी कॅथोड असते आणि चार्ज होताना अ‍ॅनोड. चार्जिंग पूर्ण होत आलं, पट्ट्यांवर बदलायला फारसं काही उरलं नाही, की वीज पाण्याचंच अपघटन करू लागते. ऋण पट्टीवर हायड्रोजन, धन पट्टीवर ऑक्सिजन. पाण्याची पातळी उतरते ती मुख्यतः यामुळे, आणि म्हणूनच डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. बॅटरी कोंदट कपाटात ठेवू नये तेही या हायड्रोजनमुळे. भाचीने लगेच विचारलं, "हायड्रोजन सुटतो म्हणजे क्षपण, मग चार्जिंगला ऋण पट्टी कॅथोड ना?" हो, तीच.