टेल्स ऑफ हॉफमन, द

झाक ऑफेनबाख (१८१९–८०) याच्या याच नावाच्या फ्रेंच संगीतिकेवरून इंग्लंडमध्ये तयार झालेला अद्‌भुतरम्य बॅलेपट (१९५१). दिग्दर्शक मायकेल पॉवेल व एमरिक प्रेसबर्गर. नृत्यरचना फ्रेडरिक ॲश्टन. नेपथ्य व वेशभूषा हाइन हेकरोट. जर्मन कथाकार ई. टी. ए. हॉफमन (१७७६–१८२२) हाच कथानकाचा नायक. ऑलिंपिया ही यांत्रिक बाहुली, व्हेनिसची गणिका जुलिएत्ता आणि आजारी गायिका अँतोनिया यांच्यावरील त्याची विफल प्रेमे तीन अंकांत येतात.

मूळ संगीतिकेची अधिकृत संहिता कोणती, हा जुना वाद आहे. ऑफेनबाख ती अपुरी ठेवून वारला. उरलेले काम एर्नेस्त गिरो या संगीतरचनाकाराने पुरे केले. १० फेब्रुवारी १८८१ रोजी पॅरिसला झालेल्या पहिल्या प्रयोगात जुलिएत्तेचा अंक गाळला होता. त्यातले प्रसिद्ध नौकागीतही मुळात ऑफेनबाखच्याच १८६४ मधील एका संगीतिकेतले. पुढे हा अंक परत आला तो अँतोनियाच्या आधी, आणि मॉन्टे कार्लोच्या १९०४ च्या प्रयोगापासून त्यात परक्या हातांची भर पडली. १९७० च्या दशकात सापडलेल्या हस्तलिखितांनंतर अभ्यासकांचा कल अँतोनिया आधी व जुलिएत्ता शेवटी, या क्रमाकडे आहे. रचनाकाराच्या हेतूचा विचार करता तो अधिक ग्राह्य वाटतो. चित्रपटाने मात्र तेव्हा रूढ असलेला क्रम घेतला. बॅलेपटाला तो मानवला, असे म्हणता येईल. कारण बाहुलीच्या निखळ नृत्यापासून निघालेली कथा त्यामुळे शेवटी गात गात मरणाऱ्या अँतोनियापाशी येऊन थांबते.

सर्व संगीत सर टॉमस बीचम यांच्या संचालनाखाली रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने आधी ध्वनिमुद्रित केले आणि शेपर्टन स्टुडिओत मूकपटासारखे चित्रण झाले. ध्वनिरोधक वेष्टनाची गरज उरली नाही, त्यामुळे टेक्निकलरचा अवजड कॅमेरा बराच मोकळा फिरू शकला. पडद्यावरील देह आणि आवाज बहुतेक ठिकाणी वेगळ्यांचे आहेत : ऑलिंपिया नाचली मॉयरा शिअरर, गायली डॉरथी बाँड. हॉफमन (रॉबर्ट राउन्सव्हिल) आणि अँतोनिया (ॲन एअर्स) ही दोघेच स्वतःचे गायले. पार्श्वगायनावर वाढलेल्या भारतीय प्रेक्षकाला यात नवल वाटणार नाही. पाश्चात्त्य संगीतिकेत मात्र गाणाराच समोर उभा असणे गृहीत असते.

रूपांतरातील कळीचा बदल प्रास्ताविकात आहे. हॉफमन जिच्या प्रेमात आहे ती मूळची गायिका स्टेला येथे नर्तिका होते, म्हणून नृत्याला पहिल्याच दृश्यापासून कथेत हक्काची जागा मिळते. बाहुलीच्या कथेला तर नृत्याचा वारसा होताच. हॉफमनच्या त्याच कथेवर फ्रेंच रचनाकार देलीबचा बॅले १८७० मध्ये आला होता. मोडलेल्या ऑलिंपियाचे सुटलेले शिर जमिनीवर पडून डोळे मिचकावते, हे दृश्य रंगमंचावर साधणारे नव्हे. हेकरोटने अंकांना अनुक्रमे पिवळा, लाल व निळा रंग वाटून दिला आहे. प्रास्ताविकातला एक आणि प्रत्येक अंकातला एक असे चारही खलनायक रॉबर्ट हेल्पमन या नर्तकाने केले. जुलिएत्तेच्या अंकात मेणाच्या ओघळांतून रत्ने घडवणारा त्याचा दापेर्तुत्तो विशेष उल्लेखनीय. तिसऱ्या अंकात नृत्य ओसरते. निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांना तो कापायचा होता, असे सांगतात.

कान महोत्सवात (१९५१) चित्रपटाला पारितोषिके मिळाली. २०१५ मध्ये त्याची पुनरुज्जीवित प्रत प्रदर्शित झाली. अखेरीस खुद्द बीचम संचालन करताना दिसतात आणि मिटलेल्या स्वरलिपीवर ‘मेड इन इंग्लंड’ असा शिक्का उमटतो.